मुद्दल वेगळं, व्याज वेगळं

आज सुरुवात एका गणिताने करू. घाबरू नका, आठवीतलं आहे. बसमध्ये उभं राहून ऐकत असाल तरी तोंडी जमेल.

कोणीतरी कर्ज घेतलं. दर महिन्याला शेकडा पाच. बरोबर एका वर्षाने त्याने मुद्दल आणि व्याज मिळून हजार परत केले. आता सांगा, मुद्दल किती होतं आणि व्याज किती?

हे गणित मी तयार केलेलं नाही. ते भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त आहे, म्हणजे इ.स. ११५० च्या आसपासचं. आपण शाळेत शिकलो तसं सोडवलं तर मुद्दल क्ष धरायचं. महिन्याला पाच म्हणजे वर्षाला शेकडा साठ. क्ष अधिक ०.६ क्ष बरोबर १०००. म्हणून १.६ क्ष बरोबर १०००, आणि क्ष आला ६२५. उरलेले ३७५ व्याजाचे. पाठ्यपुस्तकात या प्रकरणाला 'एकचल समीकरणे' म्हणतात. बीजगणितातली ही सगळ्यात पहिली पायरी, परीक्षेत पैकीच्या पैकी मार्क देणारी.

पण 'लीलावती' हे अंकगणिताचं पुस्तक आहे, त्यात क्ष नाही. तिथे असल्या प्रश्नांसाठी एक मस्त युक्ती आहे, तिचं नाव इष्टकर्म. इष्ट म्हणजे आपल्याला हवी ती संख्या. उत्तर माहीत नाही ना? मग कुठलीही एक संख्या उत्तर म्हणून धरून चाला. समजा मुद्दल शंभरच होतं. वर्षाने त्याचे एकशे साठ होतील. पण मिळालेत हजार. मग एकशे साठाला शंभर, तर हजाराला किती? त्रैराशिक मांडा, ६२५ येतात. भास्कराचार्यांनी शंभराऐवजी एकच धरलाय, काम तेच. चुकीच्या उत्तरापासून निघून बरोबर उत्तरापर्यंत जायची ही पद्धत फार जुनी आहे. इजिप्तमध्ये इसवी सनापूर्वी सोळाव्या शतकाच्या सुमारास लिहिलेल्या एका पपायरसवरही ती सापडते. तिथे एक प्रश्न आहे: एका राशीत तिचाच सातवा भाग मिळवला की एकोणीस होतात, तर ती रास किती? तिथला लेखनिक सातपासून सुरुवात करतो. करून बघा, अपूर्णांक येतो पण येतो बरोबर.

आता बीजगणिताकडे. भास्कराचार्यांचं दुसरं पुस्तकच 'बीजगणित' नावाचं आहे, आणि त्यातलं एक उदाहरण मला फार आवडतं. एका माणसाकडे तीनशे नाणी आणि सहा घोडे आहेत. दुसऱ्याकडे दहा घोडे आहेत, पण त्याच्यावर शंभराचं कर्ज आहे. घोडे सगळे सारख्याच किमतीचे, आणि दोघांची एकूण मालमत्ता सारखी. तर एका घोड्याची किंमत काय? ते ही माहिती दोन ओळींत मांडत. अज्ञाताला 'यावत्तावत्' म्हणायचे, त्याचं पहिलं अक्षर 'या'. नुसत्या संख्येला 'रूप', त्याचं 'रू'. वर 'या ६ रू ३००', खाली 'या १० रू १००', आणि त्या शेवटच्या शंभराच्या डोक्यावर एक टिंब. टिंब म्हणजे कर्ज. मग घोडे घोड्यांतून वजा, पैसे पैशांतून वजा. चार घोडे बरोबर चारशे. घोडा शंभराला.

त्या टिंबावर जरा थांबू. आपण मराठीत उणे संख्येला काय म्हणतो? ऋण संख्या. आणि अधिक संख्येला धन. शाळेत हे शब्द इतक्या वेळा घोकलेत की त्यांचा अर्थ ऐकूच येत नाही. ऋण म्हणजे कर्ज, धन म्हणजे संपत्ती. इ.स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने धन आणि ऋण यांच्या बेरीज-वजाबाकीचे नियम लिहिले, तेव्हापासून हे शब्द गणितात ठाण मांडून आहेत. त्याच्याही आधी, इ.स. ४९९ मध्ये आर्यभटाने याच प्रकारच्या समीकरणाचा नियम एका श्लोकात सांगितला होता. तिथेही दोन माणसं आहेत, दोघांकडे किंमत माहीत नसलेल्या काही वस्तू आणि थोडे रोख पैसे आहेत, आणि दोघांची संपत्ती सारखी आहे. बगदादमध्ये नवव्या शतकात अल-ख्वारिझ्मीने ज्या पुस्तकातून 'अल्जिब्रा' हा शब्द जगाला दिला, त्याचा मोठा भाग वारसाहक्काच्या वाटण्यांचा आहे. म्हणजे जिथे बघाल तिथे क्षच्या मागे पैसा उभा आहे. आंब्यांच्या टोपल्या आणि बापलेकांची वयं आपल्या पुस्तकांत नंतर आली असावीत, असा माझा अंदाज.

भास्कराचार्य आपलं गाव सह्याद्रीच्या आश्रयाला असलेलं विज्जडविड असं सांगतात. ते नेमकं कुठलं यावर अभ्यासकांचे वाद आहेत, त्यात आपण पडायला नको. पण चाळीसगावजवळच्या पाटणला एक शिलालेख आहे, इ.स. १२०७ च्या सुमाराचा. भाऊ दाजी लाड यांनी तो शोधून १८६५ मध्ये प्रसिद्ध केला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, ही नोंद त्यात आहे. शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. त्या मठासाठी बाजारातल्या मालावर काय-काय द्यायचं, ते तिथे लिहिलंय. म्हणजे समीकरणं शिकवायच्या खर्चाचा भार बाजारावर होता. पण त्या बाजारात माल घेऊन येणाऱ्याला ती समीकरणं शिकायला मिळत होती का, याबद्दल दगड गप्प आहे. ग्रंथ संस्कृतात, श्लोकांत. समजून घ्या.

आता सातशे वर्षं पुढे येऊ, आणि माझ्या गावाकडे. राजूर. अकोले तालुक्यातलं बाजाराचं गाव. भंडारदऱ्याला काजवे बघायला किंवा रतनगडाच्या ट्रेकला गेला असाल तर राजूरला गाडी थांबवून चहा नक्की घेतला असेल. आजूबाजूला डोंगर, भातखाचरं, महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या वाड्या. पाऊस बेसुमार, पण भात वर्षातून एकदाच. त्यामुळे आषाढ-श्रावणात घरातलं धान्य संपायचं, आणि ते आणायचं तर सावकाराकडून.

धान्याच्या कर्जाचे आपल्याकडे दोन दर सगळ्यांना ठाऊक असायचे, सवाई आणि दिढी. चार मण नेलं तर सुगीला सवाईने पाच, दिढीने सहा मण घालायचे. चार-पाच महिन्यांत निम्मं व्याज! ऐकायला भयंकर वाटतं. पण हिशेब प्रामाणिकपणे करायचा तर एक गोष्ट सावकाराच्या बाजूनेही धरावी लागते. पावसाळ्यात धान्य महाग असतं आणि सुगीला स्वस्त. समजा तेव्हा मण तीन रुपयांना आणि सुगीला दोनला, तर नेलेले चार मण बारा रुपयांचे आणि परत केलेले सहा मणही बाराच रुपयांचे. व्याज शून्य. म्हणजे एकच व्यवहार धान्यात मोजला तर लूट, रुपयांत मोजला तर फुकट. कशात मोजायचं हे ठरवणं ज्याच्या हातात, त्याच्या हातात उत्तर. आणि ते शेतकऱ्याच्या हातात नव्हतं.

१८१६ मध्ये जॉन टेलर नावाच्या डॉक्टरने 'लीलावती'चं इंग्रजी भाषांतर मुंबईत छापलं. दोनच वर्षांनी, १८१८ मध्ये, पेशवाई गेली आणि दख्खन कंपनीच्या ताब्यात आलं. ज्यांनी आपली समीकरणं कौतुकाने वाचली त्यांनीच इथे नवा सारा, नवी कोर्टं आणि नवे कायदे आणले. सारा रोख रकमेत आणि ठरलेल्या तारखेला, पीक येवो न येवो. रोकड कुठून आणणार? पुन्हा सावकार. फक्त आता सावकाराच्या हातात एक नवी गोष्ट होती, कर्जरोखा. पूर्वी वसुलीत गावाचा, पाटलाचा, लोकलाजेचा थोडा तरी धाक असायचा. आता रोखा कोर्टात ठेवला की जप्ती.

राजूरच्या परिसरातल्या देवगावचे राघोजी भांगरे यांनी १८४४ च्या सुमारास या सगळ्याविरुद्ध बंड उभारलं. त्यांचे वडील रामजी भांगरेही इंग्रजांविरुद्ध लढले होते. डोंगरी किल्ले आणि घाट राखणाऱ्या कोळी नाईकांचे जुने हक्क कंपनीने काढून घेतले, हे त्यामागचं एक कारण, आणि सावकारी हे दुसरं. राघोजींच्या माणसांनी सावकारांना लुटलं, काहींची नाकं कापली, आणि डोंगरातली गावं सोडून सावकार पळाले, असं इंग्रजांचेच कागद सांगतात. १८४८ मध्ये ठाण्याच्या तुरुंगात राघोजींना फाशी झाली. आमच्याकडे त्यांच्या नावाच्या गोष्टी सगळ्यांना पाठ असतात. पण त्या वेळचा एखादा रोखा समोर धरून त्यात नेमकं काय लिहिलेलं असायचं, हे मला शाळेत कोणी सांगितलं नाही. म्हणून आज हा एपिसोड.

फाशीनंतर अकरा वर्षांनी, १८५९ मध्ये, सरकारने मुदतीचा कायदा केला. साध्या कर्जाचा दावा तीन वर्षांच्या आत लावायचा, नंतर चालणार नाही. हेतू बरा होता, जुनी भुतं उकरून कोणी कोर्टात येऊ नये. झालं भलतंच. सावकार तीन वर्षं भरत आली की शेतकऱ्याला बोलवायचा आणि म्हणायचा, दावा लावू की नवा रोखा करतोस? शेतकरी नवा रोखा करायचा. आणि नव्या रोख्यात जुनं व्याज मुद्दलात जाऊन बसायचं.

आकडे घालून बघू. समजा शंभर रुपये घेतले, महिन्याला शेकडा दोन. तीन वर्षांत व्याज बहात्तर. नवा रोखा एकशे बहात्तरचा. आणखी तीन वर्षं, आता व्याज एकशे बहात्तरवर, तिसरा रोखा २९५ रुपये ८४ पैसे. (तेव्हा आणे होते, पण आपल्या सोयीसाठी पैसेच म्हणू.) नऊ वर्षं संपताना देणं सुमारे ५०९. मधे काहीच फेडलं नाही असं धरलंय. व्याज साधं मुद्दलावरच चढलं असतं तर तेवढ्याच काळात ३१६ झाले असते. आणि आपल्याकडे दामदुपटीचा जुना नियम होता, की थकलेलं व्याज मुद्दलाहून जास्त घेता येत नाही. त्याने २०० वर थांबायला हवं होतं.

इथे मला गंमत, किंवा खरं तर संताप, येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. चौथा रोखा कोर्टात आला की त्यावर लिहिलेलं असायचं 'मुद्दल रुपये ५०९'. बस. शंभर कुठेच नाहीत. उलटं जायचं गणित सोपं आहे, ५०९ ला १.७२ ने तीनदा भागा, शंभराला पोचाल. एवढं इष्टकर्म सुद्धा लागत नाही. पण भागायचं कधी? जेव्हा तुम्हाला माहीत असेल की रोखा तीनदा बदलला, दर दोनचा होता, आणि पहिल्या दिवशी हातात खरंच शंभर पडले होते. शेतकऱ्याचा अंगठा चारही कागदांवर आहे, पण आधीचे तीन कागद सावकाराकडे, किंवा फाडलेले. समीकरण सोडवायला त्याला बीजगणित येत नव्हतं हे खरं. पण येत असतं तरी मांडायला आकडे कुठे होते?

मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात बाजाराच्या दिवशी लोक सावकारांवर चालून गेले. मग लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत पसरलं. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. त्यात एक गोष्ट ठळक दिसते. लोकांना मुख्यतः कागद हवे होते. रोखे मागायचे, दिले तर जाळायचे, आणि बऱ्याच ठिकाणी मारहाणीची वेळ सावकाराने कागद नाकारले तेव्हाच आली. बाहेरून बघणाऱ्याला हे अडाणीपण वाटेल, पण माझ्या मते त्यांचं निदान अचूक होतं. खोट तिथेच होती, त्या 'मुद्दल' या एका शब्दात.

सरकारने आयोग नेमला, आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. आमचं राजूर त्यात आलं. कायद्यातला हिशेबाचा भाग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा खुर्चीत सरळ बसलो. न्यायाधीशाने काय करायचं? रोख्यावरचा आकडा बाजूला ठेवायचा. व्यवहार पहिल्यापासून उकलायचा. मुद्दलाचं खातं वेगळं आणि व्याजाचं वेगळं मांडायचं. मुद्दलाच्या खात्यात कर्जदाराच्या हातात खरोखर पडले तेवढेच पैसे धरायचे. व्याजाचं मुद्दल झालं असेल तर ते मानायचं नाही. आणि व्याज मुद्दलाच्या वर जाऊ द्यायचं नाही, म्हणजे दामदुपट. जोडीला, रोखे गावच्या निबंधकासमोर करायचे, पैसे फेडले की पावती द्यायची.

कळलं ना हे काय आहे? ११५० मधला तोच प्रश्न. मिळून हजार, तर मुद्दल किती आणि व्याज किती, वेगवेगळं सांग. फक्त 'लीलावती'त दर आणि मुदत प्रश्नातच दिलेली असते. कायद्याला ती आधी सावकाराच्या चोपडीतून बाहेर काढावी लागली. कायद्याने सावकारी संपली का? अजिबात नाही. कर्जाऐवजी जमिनीची विक्री दाखवायची, अशा पळवाटा निघाल्याच, आणि राजूरच्या वरच्या वाड्यांतून कोर्टापर्यंत चालत जाणंच किती जणांना परवडलं असेल.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट. मी सॉफ्टवेअर लिहितो, आणि काही काळ कर्जाचे हप्ते मोजणाऱ्या प्रणालीवर काम केलंय. रॉबर्ट रेकॉर्ड नावाच्या वेल्श गणितज्ञाने १५५७ मध्ये 'बरोबर'चं चिन्ह काढलं, दोन समांतर रेघा, कारण त्यांच्याइतकं सारखं काहीच नसतं म्हणे. आम्ही प्रोग्रामरनी ते चिन्ह घेतलं आणि अर्थ बदलला. बऱ्याच प्रोग्रामिंग भाषांत 'बरोबर' म्हणजे 'सारखं आहे' असं नसतं, 'उजवीकडचं डावीकडे टाक' असं असतं. त्यामुळे कोडमध्ये ही ओळ बिनधास्त चालते:

मुद्दल = मुद्दल + व्याज

हप्ता थकला आणि करारात तशी अट असेल तर हीच ओळ चालवतात. कॉम्प्युटर तक्रार करत नाही. पण हीच ओळ आठवीतल्या मुलीला समीकरण म्हणून द्या. ती दोन्ही बाजूंतून मुद्दल वजा करेल आणि सांगेल, हे खरं असायचं तर व्याज शून्य पाहिजे. १८५९ नंतरच्या रोख्यांवर हीच एक ओळ दर तीन वर्षांनी चालत होती, आणि १८७९ च्या कायद्याने नेमकी हीच खोडली. शिवाय ती ओळ चालली की मुद्दलाची जुनी किंमत पुसली जाते. मुद्दाम कुठे जपून ठेवली नसेल तर परत मिळत नाही. फाडलेल्या रोख्यासारखीच.

तुमच्यापैकी अनेकांच्या मोबाईलवर झटपट कर्जाच्या जाहिराती येत असतील. रिझर्व्ह बँकेच्या एका कार्यगटाने २०२१ च्या सुरुवातीला भारतातल्या अँड्रॉइड स्टोअर्समध्ये कर्जाची ॲप्स शोधली, तेव्हा सुमारे ११०० सापडली, आणि त्यातली ६०० च्या आसपास बेकायदा होती. बेकायदा ॲपची ठरलेली रीत अशी: पाच हजार मंजूर, प्रक्रिया शुल्क वगैरे कापून हातात साडेतीन हजार, आणि सात दिवसांनी पाच हजार परत. आता इथे मुद्दल काय? ॲप म्हणतं पाच हजार. १८७९ चा न्यायाधीश म्हणाला असता, हातात पडले तेवढे, साडेतीन हजार. मग ३५०० अधिक ३५०० क्ष बरोबर ५०००. क्ष म्हणजे तीन सप्तमांश, जवळजवळ शेकडा त्रेचाळीस, तेही एका आठवड्याला. भास्कराचार्यांच्या शेकडा पाचच्या दराने एवढं व्याज चढायला साडेआठ महिने लागले असते. आणि सात दिवसांत जमलं नाही तर 'मुदतवाढ शुल्क' भरा, पाच हजार तसेच उभे. नवा रोखा!

सप्टेंबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे डिजिटल कर्ज देणाऱ्याला करार होण्याआधीच एक तथ्यपत्रक द्यावं लागतं. त्यात सगळे शुल्क धरून वर्षाचा एकूण दर किती पडतो ते लिहायचं असतं. इंग्रजीत त्याची तीन अक्षरं असतात, एपीआर. म्हणजे क्षची किंमत आधीच काढून समोर ठेवायची. ज्या ॲपवर असं पत्रक दिसत नाही, तिथे काय समजायचं ते तुम्हीच ठरवा.

जाता जाता एक गणित देतो, इष्टकर्माने करा किंवा क्ष धरून. आठ हजार मंजूर, हातात सहा हजार चारशे, चौदा दिवसांनी आठ हजार परत. महिना अठ्ठावीस दिवसांचा धरला तर दरमहा शेकडा किती? उत्तर पूर्णांकात येतं. पुढच्या एपिसोडच्या सुरुवातीला सांगतो. भेटू.